तुंबा आणि आस : एका सांध्याचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा यंत्राच्या जन्माची हकीकत सांगतात. अमुक साली अमुक गृहस्थाने अमुक यंत्र बनविले, त्याच्या इतक्या प्रती खपल्या, इतके सांगून झाले म्हणजे त्यांची लेखणी विसावते. ते यंत्र पुढे ज्यांच्या हाती गेले, ज्यांनी ते वापरले, उघडले आणि पुन्हा जुळविले, त्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. त्यामुळे यंत्र जोडले कसे गेले हे ग्रंथांवरून कळते. परंतु ते सोडवावयाचे कसे, आणि ते सुटावे म्हणून मूळ कर्त्याने कोणती योजना करून ठेविली होती, हे ज्ञान कारागिरांच्या हातांतच राहते व त्या हातांबरोबर नाहीसे होते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका लहानशा सांध्याचा विचार करणार आहोत. हा सांधा म्हणजे जुन्या मोटारीच्या मागच्या चाकाचा तुंबा आणि तो ज्यावर बसतो तो आस, यांची जोड होय.

या विषयाकडे आमचे लक्ष एका साध्या प्रसंगाने वेधले. आमच्या एका स्नेह्यांच्या वाड्यात त्यांच्या आजोबांच्या वेळची एक फोर्ड मोटार कित्येक वर्षे गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती. ती पुन्हा चालती करावी असे त्यांच्या मनाने घेतले. मागच्या आसाच्या टोकातून वंगण पाझरून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलेले दिसत होते. सबब चाक उतरविणे भाग होते. नट काढला, चाकाला हिसके दिले, पण चाक तसूभरही हलेना. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा घण घेऊन पुढे झाला. "मिस्त्री, दोन घाव घातले की येतंय बघा," असे तो म्हणाला. मिस्त्रींनी त्याच्या हातातील घण खाली ठेवविला आणि म्हटले, "येईल रे, पण काय काय घेऊन येईल? आधी हे बसवलंय कसं ते बघ."

त्या एका वाक्यात आमच्या मते या साऱ्या विषयाचे सार आहे. ते उलगडावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या बैलगाडीचे चाक आसावर फिरते. आस स्वतः फिरत नाही. तुंब्यात आरे बसविलेले, आऱ्यांभोवती लाकडी घेर आणि त्यावर लोखंडी धाव, अशी चाकाची घडण. चाक बाहेर निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घालतात, आणि ते सुखाने फिरावे म्हणून वंगण देतात. येथे तुंबा व आस यांनी एकमेकांस धरून ठेवू नये, हीच अपेक्षा असते. खीळ उपटली की चाक हाताने ओढून काढता येते. आगगाडीची तऱ्हा याच्या अगदी उलट. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तिची चाके आसाशी एकजीव केलेली होती. चाक फिरले की आस फिरे. अशी चाके कारखान्यात प्रचंड दाबाने आसावर चढवितात, आणि ती उतरवावयाची झाल्यास पुन्हा कारखान्याच्या दाबयंत्राकडेच जावे लागते. आगगाडीच्या बाबतीत हे चालून जाते, कारण तिच्यामागे मोठाली वर्कशॉपे उभी असतात.

मोटारीने या दोहोंच्या मधली एक नवीच अडचण उत्पन्न केली. कार्ल बेंझ याने १८८६ साली पेटंट घेतलेल्या गाडीत इंजिनाची शक्ती साखळ्यांनी मागच्या चाकांस पोहोचविली होती. तेथे मागचा आस जागच्या जागी स्थिर होता आणि चाके बैलगाडीप्रमाणे त्यावर फिरत. १८९८ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने साखळी वर्ज्य करून फिरत्या दांड्याने मागच्या आसासच शक्ती देण्याची योजना केली, आणि हळूहळू तीच सार्वत्रिक झाली. आता आस फिरू लागला व त्याने चाक फिरवावे लागले. म्हणजे तुंबा आसावर इतका घट्ट बसला पाहिजे, की इंजिनाचा सारा जोर आणि ब्रेकचा सारा धक्का सोसूनही तो तिळभर सरकू नये. परंतु मोटारीचा मालक आगगाडीच्या कंपनीसारखा वर्कशॉपे बाळगून नसतो. त्याला गावोगावी, प्रसंगी माळरानावर, चाक उतरवावे लागते. तेव्हा हा सांधा आगगाडीच्या सांध्यासारखा न सरकणारा पण बैलगाडीच्या सांध्यासारखा सुटणारा असावा, अशा दोन विरुद्ध मागण्या एकदम पुढे आल्या.

या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग ओतारी-लोहारांच्या नव्हे, तर ड्रिले बनविणाऱ्यांच्या दुनियेत अगोदरच सापडला होता. स्टीफन मोर्स नावाच्या अमेरिकन कारागिराने १८६३ साली पिळदार ड्रिलाचे पेटंट घेतले. योगायोग असा की हेन्री फोर्डचा जन्मही त्याच सालचा. ड्रिल यंत्रात पक्के बसावे म्हणून त्याचे बूड किंचित निमुळते करावयाचे व तसल्याच निमुळत्या भोकात ते दाबावयाचे, ही जी पद्धत रूढ झाली तीस आजही मोर्सचेच नाव आहे. हा निमुळतेपणा फार अल्प असतो. वीस इंच लांबीत व्यास सुमारे एक इंचाने कमी व्हावा इतकाच. उतार जेव्हा घर्षणाच्या कोनाहून पुष्कळच लहान असतो, तेव्हा एकदा आत दाबलेला निमुळता तुकडा आपणहून मागे सरकत नाही. दाब काढून घेतला तरी दोन्ही पृष्ठे एकमेकांस धरून राहतात. पाचर लाकडात बसते ती याच न्यायाने. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे ड्रिल काढता यावे म्हणून त्याच्या खोबणीला आडवी फट ठेवलेली असते, आणि तीत पातळ पाचर घालून हलका ठोका दिला की ड्रिल सुटून हाती येते. ज्याने घट्ट बसण्याची युक्ती योजली त्याने सुटण्याचीही वाट त्याच वेळी करून ठेविली.

मोटारीच्या आसाचे टोक याच तत्त्वावर निमुळते करण्यात आले. तुंब्याचे भोकही तसेच. दोहोंच्या मध्ये पोलादाची एक चौकोनी चावी बसवितात आणि बाहेरून नट आवळतात. पुष्कळांची समजूत अशी असते की चाक फिरविण्याचे काम ही चावी करते. वस्तुतः ते काम निमुळत्या पृष्ठांच्या घट्ट मिठीने व्हावयाचे असते. चावी ही पाठीराखी होय. नट आवळल्याने तुंबा निमुळत्या टोकावर चढतो, आणि उतार अल्प असल्याने नटाच्या ओढीच्या कित्येक पट दाब त्या पृष्ठांवर येतो. नटाला दुभंगी पिन घालून जागच्या जागी अडकविले की काम झाले.

हा सांधा घरोघर पोहोचविला तो फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीने. ही गाडी १९०८ च्या ऑक्टोबरात डेट्रॉइट येथे बाजारात आली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरत्या साखळीवर गाड्या जोडण्यास आरंभ झाला, आणि जी सांगाडाजोडणी पूर्वी सुमारे साडेबारा तास खाई ती पुढल्या वर्षी ९३ मिनिटांवर आली. किंमत उतरत उतरत तीनशे डॉलरांच्या आत गेली. १९२७ च्या मे महिन्यात ही गाडी बंद झाली, तोपर्यंत दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९०४ साली स्थापन झालेल्या फोर्डच्या शाखेने ब्रिटिश साम्राज्यातील देशांसाठी उजव्या हाताच्या चक्राच्या गाड्या बनविल्या, आणि हिंदुस्थानात आलेल्या फोर्ड गाड्या मुख्यत्वे तेथल्याच. आमच्या स्नेह्यांची गाडी याच कुळातली.

ही गाडी ज्यांच्यासाठी बनविली ते बव्हंशी शेतकरी होते, आणि जवळपास कारागीर नसता त्यांनी ती स्वतःच दुरुस्त करावी अशी अपेक्षा होती. कंपनीने गाडीबरोबर प्रश्नोत्तररूपाने लिहिलेली एक पुस्तिका दिली होती. मागच्या चाकांविषयी तीत जो उपदेश आहे त्याचा मथितार्थ असा : निकड नसेल तर मागचे चाक उतरवू नये, उतरवावे लागल्यास त्यासाठी बनविलेला ओढपेच, ज्याला आपले मिस्त्री पुलर म्हणतात, तो वापरावा, आणि तुंब्याची टोपी अधूनमधून काढून आतला नट पुन्हा आवळीत जावा, नाहीतर तुंब्यात खेळ पडून अखेर आस पिळवटून तुटण्याचा संभव आहे. शिवाय तुंब्याच्या तोंडाशी बाहेरून जे आटे पाडलेले असतात, ते केवळ टोपी बसविण्यासाठी नसतात. पुलर त्याच आट्यांवर चढतो. मोर्सच्या खोबणीतील फटीप्रमाणे, चाक सुटण्याची वाट फोर्डच्या कारखान्यातच करून ठेविलेली होती.

हा नट आवळण्याचा उपदेश किती गंभीर आहे, हे त्या गाडीच्या ब्रेकची रचना जाणल्याखेरीज कळत नाही. 'मॉडेल टी'चा पायाने दाबावयाचा ब्रेक चाकांवर नसून पुढे गिअरच्या पेटीत असतो. तेथे धरलेली पकड लांब दांड्यातून मागच्या दंतचक्रात, तेथून दोन्ही आसांत, आणि निमुळत्या सांध्यातून चाकांत, अशी पोहोचावयाची. आता समजा, एका बाजूचा नट ढिला राहिला, सांध्यात खेळ पडला, चावी झिजून एके दिवशी कातरली गेली आणि आस तुंब्यात रिकामाच फिरू लागला. मधले दंतचक्र दोन्ही बाजूंस जोर वाटून देणारे असल्यामुळे एक बाजू मोकळी सुटताच दुसरीही निकामी होते. इंजिन गाडी ओढू शकत नाही, आणि उतारावर पायाचा ब्रेक गाडी रोखूही शकत नाही. उरतो तो हाताचा ब्रेक. तो मात्र मागच्या चाकांच्या ड्रमवर थेट चालतो, आणि तोच अशा वेळी प्राण वाचवितो, जर तो वंगणाने माखलेला नसेल तर! यावरून वाचकांच्या ध्यानात येईल, की अडकून बसलेला तुंबा हा मालकाला कितीही त्रासदायक वाटला तरी तो शत्रू नव्हे. घाटात जीव घेतो तो ढिला तुंबा.

मग तुंबा अडकतो तो कोणत्या कारणांनी? पहिले कारण वर सांगितलेच : तो अडकण्यासाठीच घडविलेला आहे. दुसरे कारण गंज. लोखंड गंजले म्हणजे त्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, आणि घट्ट सांध्यात ती जागा नसल्यामुळे गंज स्वतःच पाचरीचे काम करतो. तिसरे कारण मागल्या कोणाचा तरी निष्काळजीपणा. ढिल्या नटाने गाडी चालविली असता दोन्ही पृष्ठे एकमेकांवर घासून खरवडतात, त्यांना डिंक लागल्यासारखे चिकटे बसतात, आणि चावी वाकडी होऊन आडवी रुतते. तुंबा बाहेरून पाहून यांपैकी कोणते कारण आहे हे सांगता येत नाही. म्हणून शहाणा कारागीर तिन्ही कारणे असतील असे धरून चालतो.

आता सोडवणुकीकडे वळू. मिस्त्रींनी जे केले ते आम्ही क्रमाने पाहिले, आणि प्रत्येक गोष्टीचे कारण विचारून घेतले.

प्रथम त्यांनी इतर चाकांना दगडांची उटी लावून मागचा भाग घोडीवर घेतला आणि हाताचा ब्रेक सोडला. कारण ड्रम तुंब्याबरोबरच बाहेर यावयाचा असतो, व ब्रेक लागलेला असल्यास तो त्याला धरून ठेवतो. नंतर त्यांनी काढलेला नट पुन्हा दोन-तीन आटे सैल चढवून ठेविला. तुंबा सुटतो तो हळूच सुटत नाही. साठलेला सारा ताण एका क्षणात मोकळा होतो, आणि नट नसेल तर चाक समोरच्या माणसाच्या अंगावर येते. शिवाय त्या नटाने आसाच्या टोकाचे आटेही सुरक्षित राहतात. मग सांध्याच्या दोन्ही तोंडांशी गंज सोडविणारे पातळ तेल सोडून त्यांनी सबंध दिवस काहीच केले नाही. पोरगा कंटाळला, आम्हीही थोडेसे कंटाळलो हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पुलर तुंब्याच्या आट्यांवर पुरता चढविला. तो अर्धवट चढवून जोर केला तर आटे सोलून निघतात, आणि मग कारखान्याने ठेवलेली वाटच बुजते. पुलरच्या मधल्या स्क्रूचे टोक आसाच्या टोकावर टेकले. स्क्रू आवळला की आस आत रेटला जातो व तुंबा बाहेर ओढला जातो. येथे आम्ही विचारले, की चाकाच्या घेराला किंवा आऱ्यांना आकडे लावून ओढले तर काय बिघडते? मिस्त्री म्हणाले, "आरे लाकडाचे आहेत साहेब. तुंबा राहील आसावर आणि आरे येतील हातात." घणाविषयीही त्यांचे असेच निश्चित मत होते. आसाच्या टोकावर टोपीसारखा नट चढवून त्यावर घाव घालण्याची रीत जुनी आहे व तसले नट बाजारात मिळतही असत. परंतु तो घाव टोकापाशी थांबत नाही. तो आसातून आत जातो आणि मधल्या पेटीत दंतचक्राला जागेवर ठेवणाऱ्या चकत्यांवर बसतो. या गाडीत त्या चकत्या मूळच्या बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूच्या असतात, आणि वयाने ठिसूळ झालेल्या असतात. त्या फुटल्या की दंतचक्र बाजूला सरकते, आणि पायाचा ब्रेक पुन्हा नाहीसा होतो. चाक काढण्याच्या घाईत ज्याने घाव घातला त्याला हे कळत नाही. कळते ते सहा महिन्यांनी, घाटात, दुसऱ्या कोणाला.

स्क्रू जितका आवळवेल तितका आवळून मिस्त्रींनी त्याच्या माथ्यावर हातोडीने टिचकी दिल्यासारखा एक ठोका दिला. हा ठोका घणाच्या घावासारखा नव्हे. ताण अगोदरच भरलेला असतो, आणि ठोक्याचे काम फक्त गंजाची पकड थरथरविण्याचे असते. तुंबा हलला नाही. तेव्हा त्यांनी तुंब्याला उष्णता दिली. अडीच सेंटीमीटर व्यासाचे पोलादी भोक १०० अंश सेल्सिअसने तापले तर ते सुमारे तीन शतांश मिलिमीटरने मोठे होते. हे प्रमाण ऐकावयास क्षुल्लक वाटते. पण धाव चढविणारा आपला लोहार हेच करतो. तो गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवून फुगवितो, चाकावर घालतो आणि पाणी ओतून आवळतो. येथे क्रम उलटा, इतकेच. मात्र आरे लाकडाचे असल्यामुळे त्यांभोवती ओले पोते गुंडाळून, तुंब्याच्या नुसत्या तोंडालाच, हात लावला तर चटका बसेल पण लाकूड करपणार नाही इतकीच धग त्यांनी दिली. तरीही चाक आले नाही. मिस्त्रींनी स्क्रूला आणखी पाव फेरा दिला, आणि म्हणाले, "आता राहू दे रात्रभर."

पहाटे आमचे स्नेही आम्हास बोलवावयास आले. रात्री केव्हातरी पडवीतून बंदुकीसारखा एक आवाज झाला होता. जाऊन पाहतो तो तुंबा सैल ठेवलेल्या नटाशी येऊन टेकला होता, आणि चाक बोटाने हलत होते.

चाक काढल्यावर अडकण्याचे खरे कारण दिसले. आसाच्या निमुळत्या टोकाभोवती पातळ पत्र्याची एक पट्टी गुंडाळलेली होती. कशाच्या तरी डब्यातून कात्रीने कापलेली. पूर्वी कधीतरी हा तुंबा झिजून ढिला झाला असावा, नवा आस मिळत नसावा, आणि गावातल्या कोणा अज्ञात मिस्त्रीने खेळ भरून काढण्यासाठी ती पट्टी घातली असावी. पत्रा पुढे गंजला, आणि त्याच गंजाने सांधा सांधला गेला. आमच्या स्नेह्यांस त्या मिस्त्रीचा प्रथम राग आला. परंतु आमच्या मिस्त्रींनी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि म्हटले, "त्यानं घातली म्हणून तुमचे आजोबा घरी येत होते."

त्या पट्टीकडे पाहताना आम्हास असे वाटले, की या गाडीच्या इतिहासाचे एक पान आमच्या हाती आले आहे. फोर्डने १९२६ साली हिंदुस्थानात आपली कंपनी स्थापिली, १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला, ह्या गोष्टी ग्रंथांतून मिळतात. पण ह्या गाड्या आमच्या खेड्यापाड्यांतून वर्षानुवर्षे चालत्या ठेवणारे हात कोणाचे, हे अशा पट्ट्यांवरूनच कळावयाचे. पुढे मोटारींच्या घडणीत आसाच्या टोकालाच सपाट तबकडी घडवून तिला चाक चार-पाच बोल्टांनी अडकविण्याची रीत आली. निमुळता सांधा मागे पडला, आणि त्याबरोबर पुलर, सैल नट, रात्रभर ठेवलेला ताण, ही सारी विद्याही मागे पडत चालली. ज्यांना ती येते ते आता वृद्ध झाले आहेत, आणि मराठीत ती कोणी लिहून ठेविल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

मिस्त्रींनी आसाचे टोक व तुंब्याचे भोक साफ करून एकमेकांवर घासून पाहिले, तडा नाही याची खात्री करून घेतली, नवी चावी बसविली, आणि झिजेपुरती नवी पट्टी मापून घातली. नवा आस मिळेपर्यंतच, असे त्यांनी दोनदा बजावले. वंगण बाहेर येऊ नये म्हणून आतला नमदा बदलला आणि ब्रेकचा ड्रम धुऊन पुसून कोरडा केला. नट आवळून पिन घातली. मग त्यांनी पोराला खडू आणावयास सांगितले, आणि पडवीच्या भिंतीवर ती तारीख लिहवून खाली आणखी एक ओळ लिहविली : पन्नास मैल झाल्यावर नट पुन्हा आवळणे.